इस्त्रिया: दगड, मीठ आणि पार्किंग

व्हेनिसहून सकाळी निघून रोविन्यला जायचं, भर दुपारी गाव बघायचं, संध्याकाळी परत. इस्त्रियाची सहल बहुतेक वेळा अशी विकली जाते आणि या प्रदेशाचं ते सगळ्यात वाईट दर्शन आहे. इथली गावं पांढऱ्या चुनखडीची. दुपारी बारा ते चार या वेळात तो दगड डोळ्यांवर येतो, गल्ल्या गच्च भरतात आणि फोटोत सगळं पांढरंफटक दिसतं. तीच गल्ली सकाळी सातला किंवा संध्याकाळी सातनंतर ओळखू येणार नाही इतकी वेगळी असते. त्यामुळे इस्त्रियात 'किती गावं बघायची' याआधी 'कुठलं गाव कुठल्या वेळी' हे ठरवावं. पाच रात्री हातात असतील तर सगळं नीट होतं. तीन असतील तर डोंगरावरच्या गावांपैकी एकच घ्या.

जागा आधी समजून घेऊ. एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला, इटलीतल्या त्रिएस्तेच्या खाली लोंबणारा हा त्रिकोणी द्वीपकल्प. बहुतेक भाग क्रोएशियात, वरची पट्टी स्लोव्हेनियात, आणि मुज्जा हे एक छोटं गाव इटलीत. किनाऱ्यावर १७९७ पर्यंत व्हेनिसचं राज्य होतं, मग ऑस्ट्रिया, दोन महायुद्धांच्या मध्ये इटली, नंतर युगोस्लाव्हिया. याचा प्रवाशाशी थेट संबंध आहे: पाट्या दोन भाषांत असतात आणि प्रत्येक गावाला दोन नावं आहेत. पुला म्हणजे पोला, रोविन्य म्हणजे रोविन्यो, पोरेच म्हणजे पारेन्झो, पिरान म्हणजे पिरानो. इटलीच्या बाजूने बसचं तिकीट शोधताना गाव सापडलं नाही तर दुसरं नाव टाकून बघा.

व्हिसाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण अर्ज इथेच चुकतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि चलनही त्याच दिवसापासून युरो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा असतो. विमान व्हेनिसला उतरतंय म्हणून इटलीकडे अर्ज आणि हॉटेलं मात्र चार रात्री क्रोएशियात, हा अर्ज अडकण्याचा हमखास मार्ग. रात्री समसमान असतील तरच जिथून आधी शिरणार तो देश. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यासाठी दोन-तीन महिने आधी अपॉइंटमेंट धरा. क्रोएशिया-स्लोव्हेनिया सीमेवर आता कायमची चौकी नसली तरी ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाने तात्पुरती तपासणी सुरू केली आहे. पासपोर्ट हॉटेलात ठेवून पिरानला जाऊ नका.

आता मुक्काम. रोज गाव बदलण्याइतका हा प्रदेश मोठा नाही. पुला ते रोविन्य साधारण चाळीस किलोमीटर, रोविन्य ते पोरेच त्याहून थोडं कमी. नकाशावर रोविन्य आणि पोरेच अगदी शेजारी दिसतात, पण मध्ये लिमची खाडी जवळजवळ दहा किलोमीटर आत घुसली आहे आणि रस्ता तिला वळसा घालून जातो. गाडी असेल तर रोविन्यच्या जुन्या गावाबाहेर राहा. जुन्या गावात राहिलात तर बॅग दगडी पायऱ्यांवरून स्वतः ओढायची आणि गाडीच्या पार्किंगचे पैसे वेगळे. गाडी नसेल तर पुला बरं, कारण बसचं जाळं तिथून पसरतं. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात, तेव्हा परतीची शेवटची बस जातानाच विचारून ठेवा. रेल्वेच्या भरवशावर मात्र राहू नका. पुलाला स्टेशन आहे, पण इस्त्रियाचा रेल्वेमार्ग क्रोएशियाच्या बाकीच्या रेल्वेला देशातल्या देशात जोडलेलाच नाही. तो वर स्लोव्हेनियात जातो. झाग्रेबहून पुलाला बसच घ्यावी.

गाडी भाड्याने घेताना आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून आधीच काढा. तो एक वर्ष चालतो. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, बायकोच्या कार्डवर नवऱ्याला गाडी मिळत नाही. इटलीत घेतलेली गाडी क्रोएशियात नेणार हे काउंटरवर सांगून कागदावर लिहून घ्या. आणि मधल्या स्लोव्हेनियातल्या महामार्गावर चाक टेकवण्याआधी ई-विन्येता घ्या. हा ठरावीक मुदतीसाठी मिळणारा टोल-परवाना गाडीच्या नंबरावर ऑनलाइन निघतो, त्यामुळे नंबर हातात आल्यावरच काढावा लागतो. वीस मिनिटांच्या रस्त्यासाठी कशाला, म्हणून तो टाळणारे पुष्कळ असतात आणि दंड त्यांनाच होतो. क्रोएशियात असा परवाना नाही, तिथे नाक्यावर टोल भरायचा.

पुलापासून सुरुवात करावी, कारण ते सगळ्यात कमी नटलेलं गाव आहे. इथे गोदीच्या क्रेन आहेत, ऑस्ट्रियाच्या आरमाराच्या बराकी आहेत आणि त्यांच्या मधोमध रोमन अरेना उभा आहे. पहिल्या शतकातलं हे लंबवर्तुळाकार रंगमंडळ बाहेरून सुमारे १३२ मीटर लांब आणि १०५ मीटर रुंद, भिंत ३२ मीटर उंच. वीस हजारांवर लोक बसत. समुद्राच्या बाजूला तीन मजले दिसतात आणि चढाच्या बाजूला दोनच, कारण बांधणाऱ्यांनी उतार सपाट न करता इमारतच उतारावर बसवली. आत गेल्यावर बऱ्याच जणांची निराशा होते: पायऱ्यांचा बराचसा दगड शतकानुशतकं लोकांनी घरं बांधायला नेला. बाहेरची भिंत मात्र पूर्ण आहे, आणि चारी बाजूंचे चार मनोरे टिकलेलं रोमन अरेना जगात हे एकच. म्हणून आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, ती फुकट आहे. वरच्या कडेला छताच्या कापडाचे खांब बसवायच्या खाचा दिसतात. एका मनोऱ्यावर गाब्रिएले एमो या व्हेनिसच्या सिनेटरच्या नावाची शिळा आहे. सोळाव्या शतकात हा अख्खा अरेना सुटा करून व्हेनिसला हलवण्याचा प्रस्ताव आला होता, त्याला या गृहस्थाने विरोध केला. तिकीट काढलंत तर तळघर चुकवू नका. ऑलिव्हचं तेल काढायचे घाणे आणि तेला-दारूच्या मातीच्या उभट कुंभांची मांडणी तिथे आहे. जुलैत अरेनात चित्रपट महोत्सव भरतो (१९५४ पासून चालू आहे), तेव्हा आत पडदा आणि खुर्च्या असतात. मोकळा अरेना हवा असेल तर ते दिवस टाळा.

पुलात आणखी दोन ठिकाणं. फोरम या जुन्या रोमन चौकातलं ऑगस्टसचं देऊळ १९४४च्या बॉम्बफेकीत कोसळलं आणि युद्धानंतर तेच दगड रचून पुन्हा उभं केलं; भिंतीत जुना आणि नवा दगड वेगळा ओळखता येतो. दुसरं म्हणजे 'दिर्केची शिक्षा' हे तिसऱ्या शतकातलं जमिनीवरचं मोझॅक. दोन भाऊ ग्रीक पुराणकथेतल्या दिर्केला बैलाच्या शिंगांना बांधताहेत, असं चित्र. तेही बॉम्बमुळे पडझड झाल्यावर सापडलं. ते आहे एका साध्या इमारतीमागे, आजच्या रस्त्याच्या पातळीपेक्षा दीड-दोन मीटर खाली, जाळीआड. तिकीट नाही, रांग नाही, आणि पाटी इतकी लहान की शेजारून निघून जाल.

पुलाच्या उत्तरेला फाझानाहून ब्रियूनी बेटांची बोट सुटते, पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. मराठी वाचकाला इथे ओळखीचं काही सापडेल: १९ जुलै १९५६ रोजी नेहरू, इजिप्तचे नासर आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांनी अलिप्ततेच्या धोरणाचा संयुक्त जाहीरनामा याच बेटावर काढला. टिटोंचं उन्हाळी निवासस्थान इथे होतं आणि पाहुण्या राष्ट्रप्रमुखांनी दिलेल्या प्राण्यांचा सफारी पार्क अजून आहे. इंदिरा गांधींनी दिलेले सोनी आणि लांका हे दोन हत्ती इथलेच. सोनी २०१० मध्ये मरण पावला. उन्हाळ्यात बोटीची जागा आदल्या दिवशीच घ्या. ठरलेली फेरी छोट्या पर्यटक-गाडीतून होते आणि ती घाईची असते. सायकल भाड्याने घेतली तर वेळ आपल्या हातात राहतो. जोराचं दक्षिणेकडचं वारं सुटलं की बोटी रद्द होतात, त्यामुळे ब्रियूनी शेवटच्या दिवसावर टाकू नका.

रोविन्य. १७६३ पर्यंत हे बेटच होतं. मधली सामुद्रधुनी बुजवून ते जमिनीला जोडलं. बेटावर जागा कमी, म्हणून घरं वर वाढली आणि थेट पाण्यातून उगवल्यासारखी दिसतात. ते दृश्य गावातून दिसत नाही, गावाबाहेरच्या धक्क्यावरून दिसतं. संध्याकाळी दक्षिणेकडच्या किनाऱ्याच्या वाटेवर जाऊन उभं राहा. टेकडीच्या माथ्यावर संत युफेमियाचं चर्च. तिची दगडी शवपेटी उजव्या बाजूच्या वेदीमागे आहे. घंटेचा मनोरा व्हेनिसच्या सान मार्कोच्या मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेला, सुमारे साठ मीटर, आणि टोकावरचा युफेमियाचा तांब्याचा पुतळा वाऱ्याबरोबर फिरतो. कोळी लोक वारा कुठून आहे ते तिच्याकडे बघून ठरवत. वर जायचा जिना लाकडी, अरुंद, फळ्यांमधून खालचं सगळं दिसणारा. उंचीची भीती असेल तर पैसे वाचवा.

इथला खरा धोका पायाखाली आहे. ग्रिसिया या चर्चकडे चढणाऱ्या गल्लीतला दगड शतकांच्या पावलांनी काचेसारखा गुळगुळीत झालाय. कोरडा असताना चपलेने चालता येतं. पहाटे दमट हवेत किंवा पावसाच्या पहिल्या सरीनंतर उतरताना पाय हमखास सरकतो. कारण साधं आहे: इस्त्रियाची चुनखडी घट्ट, फार पाणी न शोषणारी, म्हणून ओल वरच राहते. हाच गुण ओळखून व्हेनिसवाल्यांनी ती बोटी भरभरून नेली. तिथल्या घरांचे पाण्यात उभे राहणारे थर याच दगडाचे आहेत, कारण वीट खारं पाणी शोषते आणि हा दगड अडवतो. खाचा असलेला रबरी तळ, एवढंच पथ्य. टाचांचे बूट तर नकोच.

बंदरात सपाट तळाच्या लाकडी होड्या दिसतील, त्यांना बताना म्हणतात. तळ सपाट असल्याने उथळ, खडकाळ किनाऱ्यालगत चालतात आणि एकटा माणूस ओढू शकतो. या होडीचं छोटं संग्रहालय बंदराजवळ आहे आणि ते जपण्याची पद्धत २०१६ मध्ये युनेस्कोने चांगल्या संवर्धनाचा नमुना म्हणून नोंदवली. अर्धा तास पुरतो.

पोरेचला गाव म्हणून फार वेळ देऊ नका. मुख्य रस्ता डेकुमानुस रोमन काळाचा असला तरी आज दोन्ही बाजूंना आइस्क्रीम आणि फ्रिजवर चिकटवायची चुंबकं आहेत. पण युफ्रेशियन बॅसिलिका ही इस्त्रियातली सगळ्यात मोलाची जागा आहे, आणि तिला दीड तास हवाच. सहाव्या शतकात बिशप युफ्रेसियसने बांधली, १९९७ पासून जागतिक वारसा. सकाळी दार उघडताच जा. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, आणि प्रार्थनेच्या वेळा सोडून जा.

बहुतेक लोक सोनेरी मोझॅकचा एक फोटो काढून निघतात. वेदीमागच्या अर्धगोलात मधोमध मेरी बसली आहे आणि तिच्या एका बाजूला स्वतः युफ्रेसियस चर्चची छोटी प्रतिकृती हातात धरून उभा आहे. त्याच्या शेजारी क्लॉडियस नावाचा धर्माधिकारी आणि त्याचा लहान मुलगा, ज्याचंही नाव युफ्रेसियस. आता नजर खाली, खिडक्यांच्या पातळीवर आणा. एका बाजूला मेरी आणि एलिझाबेथ या दोन गरोदर स्त्रिया भेटताहेत, आणि त्यांच्या मागे दारातला पडदा जरासा बाजूला करून एक मोलकरीण चोरून बघतेय, हात हनुवटीशी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने काचेच्या तुकड्यांत ती भोचक नजर पकडली आहे. लहान दुर्बीण असेल तर इथे काढा. त्याच्याही खाली हाताच्या उंचीवर संगमरवर आणि शिंपल्याचं जडावकाम आहे. तिरका उजेड पडला की शिंपला चमकतो, समोरून मात्र मेल्यासारखा दिसतो. बाजूला सरकून बघा. मागच्या भागात आधीच्या, चौथ्या शतकातल्या प्रार्थनागृहाचं मोझॅक आहे आणि त्यात ख्रिस्ती लोकांची खूण असलेला मासा.

किनारा सोडून आत वळलं की माती बदलते. पश्चिम किनाऱ्याला लाल माती. कोकणातून आलेल्याला ती जांभ्याची वाटेल, पण ही चुनखडी झिजून उरलेली. आत मोतोवुनच्या आसपास करडी, चिकणमातीची. या करड्या, दमट मातीत, मिर्ना नदीच्या खोऱ्यातल्या ओकच्या जंगलात, ट्रफल मिळतात, म्हणजे जमिनीखाली वाढणारी, वासासाठी खाल्ली जाणारी महागडी बुरशी. १९९९ मध्ये जानकार्लो झिगान्ते यांच्या डायाना या कुत्रीने १.३१ किलोचा पांढरा ट्रफल शोधला, तेव्हापासून या खोऱ्याचा भाव वाढला.

ट्रफलबद्दल फसवणूक टाळायची तर दोन गोष्टी पुरेत. पांढरा ट्रफल साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच असतो. जुलैत मेनूवर 'ताजा पांढरा' दिसला तर विचारा. उन्हाळ्यात मिळतो तो काळा, वासाला सौम्य, किमतीला पुष्कळ कमी. आणि दुकानातलं ट्रफलचं तेल बहुतेक वेळा कृत्रिम वासाचं असतं; बाटलीवर 'आरोमा' लिहिलंय का बघा आणि ट्रफलची टक्केवारी वाचा. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत, ताटावर गरम पदार्थावर किसतात, कारण उष्णतेने वास उडतो. तो फुझीवर घ्या: पिठाच्या चौकोनाची दोन टोकं एकमेकांवर दाबून केलेली ही पोकळ नळी रस्सा आत धरून ठेवते.

शाकाहारींनी इथे सावध राहावं. मानेश्त्रा हे कडधान्याचं घट्ट सूप ऐकायला आपलं वाटतं, पण बहुधा डुकराचं हाड टाकून शिजवतात. 'बेझ मेसा' म्हणजे मांसाविना. तेवढं म्हटलं की मासे येऊ शकतात, म्हणून 'बेझ मेसा इ बेझ रिबे' असं पूर्ण म्हणा. फुझी, चीज, ब्लित्वा (पालकासारखी भाजी, बटाट्याबरोबर) आणि इथलं उत्तम ऑलिव्ह तेल एवढ्यावर पोट भरतं. थंडीत 'सुपा' मागवून बघा: बुकालेता नावाच्या मातीच्या सुरईत कोमट लाल वाइन, साखर, तेल, मिरी आणि भाजलेला पाव. सूप म्हणायचं म्हणून म्हणायचं.

मोतोवुन २७७ मीटर उंच टेकडीवर आहे. गाडी खाली ठेवावी लागते. उन्हाळ्यात तिथून बस मिळते, नाहीतर चढायचं. दुपारी पोचलात तर पार्किंगची रांगच तुमचा तास खाईल. सकाळी नऊच्या आधी या, तेव्हा खोऱ्यात धुकं आणि गाव त्याच्या वर असं शरद ऋतूत पुष्कळदा दिसतं. तटावरून पूर्ण फेरी मारायला वीस मिनिटं लागतात. शेजारचं ग्रोझ्न्यान गेल्या शतकाच्या मध्यात अर्धं ओसाड पडलं होतं. १९६५ पासून चित्रकारांना घरं दिली आणि आता दर दुसऱ्या दाराआड स्टुडिओ. दुपारी तिथे जा, दुकानं तेव्हाच उघडी असतात. या दोन गावांमधून पारेन्झाना जाते: त्रिएस्ते ते पोरेच १२३ किलोमीटरची अरुंद रूळांची रेल्वे, १९०२ ते १९३५ चालली, आता सायकलवाट. ग्रोझ्न्यानहून मिर्नाच्या खोऱ्याकडे उतरणीने जा. उलट्या दिशेने सतत चढ आहे, आणि रेल्वेचा चढ मंद असला तरी संपत नाही. बोगदे अंधारे, बॅटरी न्या. वाट खडीची आहे, बारीक टायरची सायकल घेऊ नका.

समुद्रात उतरायचं असेल तर वाळू विसरा. किनारा खडकाचा, गोट्यांचा. पाण्यात समुद्री साळू असतात, म्हणजे काळे काटेरी गोळे, आणि काटा रुतला की निघता निघत नाही. वीस युरोंच्या आतले रबरी बूट पहिल्याच दिवशी घ्या. हिवाळ्यात उत्तर-पूर्वेकडून बुरा वारा येतो, कोरडा, बोचरा. त्यानंतर आकाश इतकं स्वच्छ असतं की लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे वाटतात. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद. मे आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. २०२३ च्या कायद्याने क्रोएशियात दुकानं वर्षातले सोळाच रविवार उघडी ठेवता येतात, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

परतीची वाट त्रिएस्तेकडून असेल तर पिरानला अर्धा दिवस द्या. गावात पाहुण्यांची गाडी सोडत नाहीत; फोर्नाचे या बहुमजली पार्किंगमध्ये ठेवून चालत किंवा बसने या. मधला चौक तार्तिनीच्या नावाचा, कारण व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी १६९२ मध्ये इथे जन्मला. चौक असा गोलसर का, तर ते आतलं बंदर होतं, १८९४ मध्ये बुजवलं. पण माझं मत विचाराल तर चौकापेक्षा सेचोव्ल्येची मिठागरं बघा, त्यांच्या लेरा या भागाच्या बाजूने. कोकणातल्या मिठागरात मीठ मातीच्या तळावर बसतं. इथे तळावर पेतोला नावाचा काही मिलिमीटरचा जिवंत थर वाढवतात, शेवाळ, जिवाणू, जिप्सम यांचा. तो मिठाला चिखल लागू देत नाही, म्हणून मीठ पांढरं निघतं. त्याला धक्का लागू नये म्हणून कामगार सपाट लाकडी खडावा घालून मिठाच्या वाफ्यांत उतरतात आणि लाकडी फावड्याने मीठ ओढतात. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दुपारी हे काम चालू दिसतं. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर मीठ विरघळून गेलेलं असतं आणि पाटीवरच्या माहितीशिवाय बघायला काही नसतं. म्हणून हवामान बघून ठरवा, आणि टोपी न्या, तिथे एकही झाड नाही.